मोडका मावळा टाकू नका

सोयाबीनची काढणी अजून उरकलेली नसेल, तरी पोरांनी अंगणाच्या कोपऱ्यात दगड-विटा जमवायला घेतल्या असतील. गोणपाट भिजवायचं, चिखल थापायचा, वर अळीव नाहीतर मोहरी पेरायची. दिवाळीचा किल्ला कसा करायचा हे आपल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. मी बोलणार आहे ते किल्ल्यावरच्या चित्रांबद्दल. माळ्यावरच्या खोक्यात गेल्या वर्षीची चित्रं असतीलच. भाला तुटलेला मावळा, कान गेलेला घोडा, नाकाचा रंग उडालेले महाराज. नवी आणायच्या आधी ती खोकी एकदा खाली काढा.

आमच्या गटातल्या सातजणी भाऊबीजेपर्यंत हेच काम करतात. दुरुस्ती म्हणजे नुसता तुटका हात चिकटवणं नव्हे. बाजारातला मावळा साच्यातून निघतो. दहा आणले तर दहाही जण एकाच बाजूला बघतात, एकच पाय पुढे टाकतात. अंग गुलाबी, पागोटं लाल, किनार सोनेरी. हा कुठला, कुणाच्या बरोबर होता, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, काही कळत नाही. पोरं किल्ल्याला नाव देतात पन्हाळा, आणि वर मांडतात दुकानातलं कपाट! चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराज येतात, पण आपल्या पोरांनी त्याच्या कितीतरी आधी ते किल्ल्यावर पाहिलेले असतात. म्हणून तिथं काय दिसतं याची काळजी मला जास्त वाटते.

एकच प्रसंग घेऊ, पन्हाळ्याहून विशाळगडाला जाण्याचा. साल १६६०. सिद्दी जौहरचा वेढा पडून महिने झाले होते. राजापूरच्या वखारीतले इंग्रजसुद्धा तोफ घेऊन त्याच्या मदतीला आले होते. आषाढ पौर्णिमेच्या रात्री महाराज गडाबाहेर पडले. साठ-बासष्ट किलोमीटरची वाट, आणि तीही भर पावसाची. आता सांगा, त्या रात्रीच्या मावळ्याचं पागोटं कोरडं असेल का? सोनेरी किनार चमकत असेल का? आषाढात शेतातून घरी येताना आपल्या पोटऱ्या कशा दिसतात ते आठवा आणि ब्रश हातात घ्या. गुडघ्यापर्यंत चिखलाचा रंग. कपडे एक छटा गडद, कारण भिजलेलं कापड काळपट दिसतं. दोघा-तिघांच्या डोक्यावर घोंगडीची खोळ. ती करायला टिश्यू पेपरचा तुकडा पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवा, डोक्यावरून पाठीवर सोडा आणि ओला असतानाच काडीनं चुण्या पाडा. वाळला की कडक होतो. मग काळा नाहीतर गडद तपकिरी रंग द्या. शेला, कमरबंद, खांद्यावरचं उपरणं सगळं याच युक्तीनं होतं. आणि कापडाचा वाकडेपणा आपल्या हाताला जसा कळतो तसा साच्याला कळत नाही.

भाल्याला खराट्याचा हीर घ्या. सरळ, हलका, फुकट. ढालीला जुन्या कोटाचं मोठं बटण. तलवारीला आइस्क्रीमची काडी तासून घ्या. डब्याचा पत्रा कापून करू नका, पोरं हाताळणार आहेत. तुटलेला हात नुसत्या गोंदानं टिकत नाही. दोन्ही तुकड्यांना दाभणानं हळू भोक पाडायचं, मध्ये बांधकामाच्या बारीक तारेचा तुकडा घालायचा आणि वरून एम-सीलनं सांधा बुजवायचा. त्याच्या दोन वड्या सारख्या घ्या, एक रंग होईपर्यंत मळा, बोट ओलं करून लावा आणि रात्रभर राहू द्या. हातात पिशवी घातलेली बरी. तार आत असली की हात हवा तसा वळवून बसवता येतो. दहा सारख्या मावळ्यांतल्या चौघांचे हात असे बदलले, दोघांची मान फिरवली, तर मग ते एकमेकांशी बोलताहेत असं वाटायला लागतं. शाडू इथं वापरू नका. वाळताना ती आकसते आणि प्लॅस्टरवरून सुटून येते.

या प्रसंगात मला सगळ्यात आवडतं ते पालखीचं काम. त्या रात्री दोन पालख्या निघाल्या असं सांगतात. एकीत नेबापूरचा शिवा काशीद, जातीनं न्हावी, महाराजांच्या वेषात. तो मुद्दाम शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. प्रत्येक घरात बसलेल्या महाराजांची एक तरी जुनी मूर्ती असते, रंग उडालेली. ती शिवा काशीद होते. कपडे तेच ठेवायचे, कारण फसवायचं ते कपड्यांनीच. सिंहासन ब्लेडनं कापून काढायचं आणि बांबूच्या कामट्यांची पालखी करून आत बसवायचं. त्याला किल्ल्याच्या खाली, वेढ्याच्या बाजूला ठेवा. बघणारं पोर विचारतं, महाराज दोन कसे? मग सांगा.

घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांची माणसं थांबली. तिथं मावळे ओळीत उभे करू नका. खिंड अरुंद, म्हणून दोन दगडांच्या मध्ये दाटी करा. दोघं खाली पडलेले असू द्या. ज्याचा पाय जोडण्यासारखा राहिला नाही तो इथं कामी येतो.

रंगाबद्दल थोडं सावकाश सांगते. अंगाचा गुलाबी रंग आधी घालवा. आपली माणसं गुलाबी नसतात. पिवडी, गेरू आणि थोडं काळं मिसळलं की सावळ्याच्या पाच-सहा छटा निघतात, आणि प्रत्येकाला वेगळी द्या. डोळ्यांत पांढरं भरू नका. तीन इंची माणसाचे पांढरे डोळे दचकल्यासारखे दिसतात, एक बारीक काळी रेघ पुरते. आधी अंग, मग आतले कपडे, मग वरचे, हत्यार शेवटी. सगळं वाळल्यावर तपकिरी रंग चहाइतका पातळ करून फिरवा आणि वरचा लगेच फडक्यानं टिपा. रंग चुण्यांत उतरतो, उंचवटे उजळ राहतात. मग ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करून फिकट रंग नुसता कडांवर घासायचा. लहान मूर्तीवर खरी सावली पडत नाही, ती अशी रंगानं पाडावी लागते.

शत्रूकडच्या माणसांना काळंकुट्ट आणि विद्रूप रंगवायची सवय सोडा, हे माझं मत. कोंढाण्याचा मोगली किल्लेदार उदयभान राठोड राजपूत होता, आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. चेहऱ्यावरून बाजू ठरत नव्हती. गणवेशही नव्हता, प्रत्येकाचे कपडे आपापल्या घरचे. गावच्या वेशीवरचा वीरगळ बघून हत्यारं रंगवणार असाल तर जपून. बहुतेक वीरगळ यादव-शिलाहारांच्या काळातले, म्हणजे महाराजांच्या चारशे-पाचशे वर्षं आधीचे. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी हत्यारं काचेत ठेवली आहेत, ती डोळे भरून पाहून या.

पोरांकडं जत्रेतले हिरवे प्लॅस्टिकचे सैनिक असतात. तेही चालतात. गुडघा टेकून नेम धरणारा सगळ्यात चांगला. हेल्मेट तासून त्यावर एम-सीलचं पागोटं गुंडाळा, बंदुकीच्या खालचा भाग कापून ती लांब करा आणि कानशिलाजवळ दोऱ्याचा जळका तुकडा लावा. झाली तोड्याची बंदूक. प्लॅस्टिक मात्र आधी साबणानं धुऊन पॉलिश पेपरनं घासा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

आता बायकांचं. किल्ल्याच्या पायथ्याशी आपण असतो, विहिरीवर नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन. वर कुणीच नसतं. गवळणीच्या डोक्यावरची घागर काढा, हात तारेनं वर वळवा, पदर खोचलेला करा आणि रायगडाच्या कड्याला चिकटवा. ती हिरकणी. गोष्ट लोकांच्या तोंडची, पण बुरूज आजही तिच्या नावानं ओळखतात. ताराबाई तर इतिहासातच आहेत. १७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले, आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाशी लढा चालवला तो या बाईनं. घोडेस्वाराला टिश्यू पेपरचं नऊवारी नेसवा, पागोट्याच्या जागी पदर घ्या. आमच्याकडच्या एका मुलीनं हे करून पाहिलं, आणि त्या वर्षी किल्ला कुणी करायचा यावरून भावाशी तिचं चांगलंच वाजलं. पोरांनी किल्ला आणि पोरींनी रांगोळी अशी वाटणी मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको असा नियम २०१७ पासून लागू आहे, पण तुमच्या खोक्यातलं चित्र त्याआधीचं असेल. तो रंग कोरडा खरवडू नका, जाळू नका. फडकं ओलं, पॉलिश पेपर ओला, नाकाला रुमाल, लहान मूल जवळ नको. पाणी चुलीपासून, विहिरीपासून लांब. मग खडूची पूड आणि फेव्हिकॉल पातळ करून दोन हात द्या आणि त्यावर नवा रंग. पोस्टर कलर वापरलात तर वरून वॉर्निश हवंच, कारण अळिवाला रोज पाणी मारलं की मावळ्याचे पाय आधी विरघळतात. पायाखाली फरशीचा तुकडा ठेवला तर आणखी बरं.

मापाचंही बघा. तीन इंचाचा माणूस साडेपाच फुटांचा धरला तर बावीस फुटांचा दरवाजा एक फूट उंच येतो. आपण करतो चार इंचांचा, मग मावळे आत जाणार कसे? मोठी चित्रं खाली, लहान वर ठेवली तर किल्ला उंच आणि लांब दिसतो. महाराज मात्र वर मोठेच हवेत असा घरातल्या थोरांचा आग्रह असतो, तिथं मी वाद घालत नाही.

दिवाळी झाली की प्लॅस्टरची चित्रं ओढ्यात सोडू नका. ती विरघळत नाहीत, आणि रंग पाण्यात जातो. भाताच्या तुसात नाहीतर जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळा आणि प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावा. आमच्या खोक्यातली एक चिठ्ठी अशी आहे: बाजीप्रभू, उजवा हात सुटा, तार आत आहे.