गुरु गेल्यावर मंत्र कोणाचा ?

(गुरुपौर्णिमेच्या सायंकाळीं उत्तर सोलापूर तालुक्यांतील एका गांवीं मारुतीच्या पारावर झालेलें भाषण)



आम्ही शाळामास्तर. आम्हांस हिशेब विचारावा, अर्ज लिहावयास सांगावा, कागद वाचावयास द्यावा. गुरु-शिष्यांचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे, असें आम्हीं तुमच्या पंचांस प्रथम सांगितलें. परंतु गेल्या दोन महिन्यांत या गांवच्या सात-आठ घरांतलीं माणसें एकच गाऱ्हाणें घेऊन आमच्या ओसरीवर आलीं, म्हणून आज तोंड उघडणें भाग आहे.

गाऱ्हाणें तुम्हांस ठाऊकच आहे. ज्या महाराजांकडून तुमच्यापैकीं पुष्कळांनीं उपदेश घेतला, ते वारले. त्यांचे चिरंजीव म्हणतात, "गादी माझी, मजकडून नव्यानें उपदेश घ्या." थोरले शिष्य म्हणतात, "महाराजांनीं अखेरच्या दुखण्यांत माझ्या मस्तकावर हात ठेविला, तेव्हां अधिकार माझा." हे दोघे एकमेकांचें तोंड पाहत नाहींत, पण एका गोष्टींत दोघांचें अगदीं एकमत आहे. ती ही कीं, जुना मंत्र देणाऱ्याबरोबर गेला, आतां तो फळ देत नाहीं. नवा घ्या, आणि घेतांना नारळ, वस्त्र व दक्षिणा आणा. भांडणाऱ्यांचें असें एकमत जेथें होतें, तेथें शेतकऱ्यानें आपली कनवट चांचपून पाहावी.

त्या मठाचें नांव आम्ही घेत नाहीं. गेलेले महाराज सालस होते, आणि त्यांच्या मागच्यांची अब्रू घेण्यास आम्ही आलों नाहीं.

परवां कोष्ट्याच्या घरची एक म्हातारी आली. तिच्या पिशवींत नारळ, कोरें लुगडें आणि अकराशें रुपये होते. रुपये बचत गटाकडून व्याजानें उचललेले. ती म्हणाली, "मास्तर, मालक गेल्यापासून बत्तीस वर्षें कांड्या भरतांना मीं तेंच नांव घेतलें. तें मेलें का हो ?" आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं तिला चहा दिला आणि म्हटलें, "आजी, चार दिवस थांबा." आजचें बोलणें मुख्यतः तिच्यासाठीं आहे. ती समोरच बसली आहे. नांव घेऊन तिला लाजवीत नाहीं.

प्रथम दोन वस्तु निराळ्या करूं. गहूं आणि खडे एका सुपांत असले म्हणजे पाखडावे लागतात. एक आहे गादी. गादी म्हणजे मठाची इमारत, जमीन, पालखी, भांडींकुंडीं, दानपेटी. दुसरा आहे उपदेश, म्हणजे कानांत सांगितलेला शब्द आणि त्याबरोबर सांगितलेली राहणी. गादीला सात-बाराचा उतारा असतो, उपदेशाला नसतो. गादी एकाकडे गेली कीं दुसऱ्याकडे राहत नाहीं. उपदेशाचें तसें नाहीं. आम्हीं तुमच्या मुलांस पाढे शिकविले म्हणून आमचे पाढे कमी झाले नाहींत. आणि उद्यां आम्ही मेलों म्हणून त्यांचे बे दुणे चार हे पांच होणार नाहींत. नवा मास्तर येऊन "जुने पाढे मेले, फी भरून पुन्हां शिका" असें म्हणाला, तर तुम्ही त्यास गांवांत उभें कराल काय ?

आतां दाखला आपल्याच जिल्ह्यांतला घेऊं. पाथरी गांवीं १८८८ सालीं सिद्धरामेश्वर महाराज जन्मले. विजापुरास मारवाड्याच्या पेढीवर त्यांनीं नोकरी केली. त्यांची परंपरा पाहा. मूळ पुरुष निंबरगीचे महाराज. ते लिंगायत, आणि त्यांतहि नीलवाणी, कापडाला निळीचा रंग देणाऱ्यांच्या जातीचे. त्यांनीं उपदेश दिला उमदीच्या भाऊसाहेब महाराजांस. हे देशपांडे, जातीनें ब्राह्मण. देशपांड्यानें रंगाऱ्याच्या पायांवर डोकें ठेविलें, आणि त्यायोगें त्याचें कांहीं कमी झालें नाहीं. भाऊसाहेबांनीं १९०६ सालीं उपदेश दिला आपल्या पाथरीच्या सिद्धरामेश्वरांस. या साखळींत बाप-लेक अशी एकहि कडी नाहीं.

१९१४ सालीं भाऊसाहेब इंचगेरीस समाधिस्थ झाले. त्यांच्या मागें मतभेद झाला नाहीं असें नव्हे, पण तो कशाचा झाला तें पाहण्यासारखें आहे. १९१८ सालीं सिद्धरामेश्वर घर सोडून चार गुरुबंधूंबरोबर गुरूची शिकवण सांगत हिंडूं लागले. १९२० सालीं त्यांच्या मनानें असें घेतलें कीं, ध्यान ही पायरी आहे, शेवट नव्हे. विचारानें तिच्यापुढें जातां येतें. गुरुबंधूंस हें पटलें नाहीं. गुरूनें ध्यान सांगितलें, तेंच करावें, असें त्यांचें म्हणणें. या दोन मतांस पुढें मुंगीची वाट आणि पांखराची वाट अशीं नांवें पडलीं. मुंगी चढत चढत फळापाशीं जाते, पांखरूं उडून जातें. सिद्धरामेश्वर त्यांच्यांतून निघाले आणि विजापुरास परत आले. दुसऱ्या बाजूस जिगजिवणीचे अंबुराव महाराज १९३३ पर्यंत होते, आणि त्यांच्या मागें सोलापूर-विजापूर रेल्वेवरच्या निंबाळास गुरुदेव रानडे १९५७ पर्यंत. म्हणजे एका गुरूच्या मागें उपदेश निरनिराळ्या ठिकाणीं चालूं राहिला. तंटा होता तो शिकवणीचा होता, दानपेटीचा नव्हता. असा तंटा आम्हांस चालतो. त्यांत ऐकणाऱ्याची अक्कल वाढते.

सिद्धरामेश्वर ९ नोव्हेंबर १९३६ रोजीं मुंबईंत गेले. बाणगंगेस त्यांची समाधि आहे. त्यांच्या शिष्यांत मारुति शिवरामपंत कांबळी नांवाचे बिडीचे एक दुकानदार होते. त्यांचे वडील मालवणाकडे कांदळगांवीं शेती करीत. कांबळी यांची आणि गुरूची गांठ पडली १९३३ सालीं, आणि १९३६ सालीं गुरु गेले. उणापुरा तीन वर्षांचा शिष्य ! हेच पुढें निसर्गदत्त महाराज म्हणून परदेशापर्यंत प्रसिद्ध झाले. परंतु गुरु गेल्याबरोबर त्यांनीं गादी मांडली नाहीं. १९३७ सालीं घर सोडून हिंडले, परत आले, पुन्हां दुकानावर बसले, पोरेंबाळें सांभाळलीं. उपदेश देण्यास आरंभ केला तो १९५१ सालीं, पंधरा वर्षांनीं. आणि तोहि गुरूची आज्ञा अंतरांत मिळाली म्हणून, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. अंतरांतली आज्ञा कोर्टांत पुराव्यास चालत नाहीं, आणि ती तपासण्याचें साधन आम्हां मास्तरांजवळहि नाहीं. पण पंधरा वर्षें थांबलेला मनुष्य आणि तेराव्याच्या जेवणाला पावतीपुस्तक छापून आणणारा मनुष्य, यांतला फरक कळण्यास पुरावा लागत नाहीं.

त्याच गुरूचे दुसरे शिष्य रणजित महाराज. हे एका कंपनींत हिशेब लिहीत. त्यांनीं शिकविण्यास आरंभ केला तो १९८३ सालीं. १९३६ पासून मोजा, सत्तेचाळीस वर्षें होतात. तिसरे काडसिद्धेश्वर महाराज. ह्यांची गोष्ट तर फार बोलकी. कोल्हापुराजवळच्या कणेरीच्या जुन्या मठांत ते १९२२ सालीं दत्तक गेले. गादी हातांत, शिष्यपरिवार पायांशीं. असें असून त्यांनीं गुरु केला तो पाथरीच्या या गृहस्थास. गादी आली म्हणून ज्ञान आलें, असें त्यांस वाटलें नाहीं. आपल्याकडे पुष्कळांस तसें वाटतें.

कोणी म्हणेल, हें अलीकडचें झालें, जुनें सांगा. सांगतों. देहूचे तुकोबा कुणबी. त्यांस स्वतःस उपदेश मिळाला तो स्वप्नांत, बाबाजी चैतन्यांकडून. त्यांचे चिरंजीव नारायणबाबा यांनीं १६८५ सालीं पालखी सुरू केली, आणि ती आजतागायत पंढरीस येते. पोरानें बापाची पालखी उचलली, हें रीतीला धरून झालें. पण तुकोबांचा प्रसाद कोणास मिळाला ? पिंपळनेरच्या निळोबारायांस. ते ब्राह्मण कुळकर्णी. तुकोबा गेल्यावर त्यांनीं तुकोबांचा ध्यास घेतला आणि स्वप्नांत त्यांचा अनुग्रह झाला, असें वारकरी परंपरा मानते. म्हणजे गुरु देहानें नसतांना त्याच्याकडूनच उपदेश ! आज जुना मंत्र मेला म्हणणाऱ्यांनीं वारकऱ्यांच्या फडावर जाऊन हें बोलून पाहावें. बहिणाबाईंचेंहि तसेंच. ब्राह्मणाची बायको, कोल्हापुरास असतां स्वप्नांत तुकोबांचा उपदेश झाला, आणि मग ती देहूस आली. कुणब्यास गुरु केला म्हणून मंबाजीनें तिला छळलें. तिनें मंत्र बदलला नाहीं.

आणि आपले सोलापूरचे सिद्धराम ? मुद्दुगौड आणि सुग्गलादेवी या शेतकरी जोडप्याचे पुत्र. तळें खणविलें, देवळें बांधलीं, कीर्ति झाली. तरी कल्याणास गेल्यावर त्यांनीं चन्नबसवण्णाकडून दीक्षा घेतली, असें कानडी शून्यसंपादनेंत आहे. तेथें जें शून्यसिंहासन म्हणून अधिकाराचें आसन होतें, त्यावर पहिले अल्लमप्रभु, दुसरे चन्नबसवण्णा आणि तिसरे आपले सिद्धराम. अल्लम मृदंग वाजविणारे, दुसरे बसवण्णांचे भाचे, तिसरा शेतकऱ्याचा पोर. तिघांत कोणीहि आधीच्याचा मुलगा नाहीं. गड्ड्याच्या जत्रेंत आपण दरसाल नंदीध्वजांपुढें हात जोडतों, तेव्हां ही गोष्ट कोणी सांगत नाहीं. जत्रेंत पाळणे फार, सांगणारे थोडे.

आपण ब्राह्मणेतर चळवळीचीं माणसें, म्हणून आपल्या घरांतलेंहि बोललें पाहिजे. छत्रपति शाहूंनीं १९२० सालीं पाटगांवच्या मौनी महाराजांच्या गादीवर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांस क्षात्रजगद्गुरु म्हणून बसविलें. हेतु चांगला. धर्मकृत्यासाठीं दुसऱ्याच्या दारांत उभें राहण्याची लाचारी संपावी, हा. तरी सत्यशोधकांपैकीं कांहींस तें रुचलें नाहीं. जोतीरावांनीं १८७३ सालीं समाज काढला तो देव आणि मनुष्य यांच्या मधला दलाल काढून टाकण्यासाठीं. एका जातीचा जगद्गुरु उठवून दुसऱ्या जातीचा बसविला, तर मधली जागा रिकामी झाली कोठें ? शाहू महाराजांवर आमची भक्ति आहे. पण या एका प्रश्नांत आम्ही प्रश्न विचारणारांच्या पंक्तीस बसतों. तुमच्या मठांतले दोघेहि आपल्यांतले, आपल्या आळीचे. त्यामुळें दक्षिणा हलकी होत नाहीं. व्याज तेवढेंच लागतें.

आतां गादीचें. तिचा निकाल भजनांत लागत नाहीं, कागदांत लागतो. मठाची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखालीं असली, तर विश्वस्त वारल्यावर जो बदल होतो तो नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. तें कार्यालय सोलापुरास आहे. नोंदवहीचा उतारा मागतां येतो. त्यांत विश्वस्त कोण, मिळकत काय, वारस नेमण्याची रीत कोणती, हें लिहिलेलें असतें. गादीवर कोण बसावा हें कोर्ट त्या मठाची रूढि पाहून ठरवितें. मंत्र जिवंत कीं मेलेला, हें ठरविणें कोर्टाचें काम नव्हे. वंशपरंपरेचा हक्क म्हणाल, तर पंढरपुराकडे पाहा. बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क १९७३ च्या कायद्यानें रद्द केले. खटला चालत राहिला, आणि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा कायम केला. विठोबा जागच्या जागीं उभा आहे.

चिरंजीवांस गादी मिळो वा शिष्यास मिळो, आमचें कोणाशीं वैर नाहीं. ज्यास चिरंजीवांजवळ बसून दोन शब्द ऐकावेसे वाटतात, त्यानें बसावें. शिष्याचें कीर्तन गोड आहे, तेंहि ऐकावें. पण घेतलेला उपदेश पुन्हां विकत घेऊं नये. महाराजांनीं तो दिला तेव्हां त्यांनीं मुदत सांगितली होती काय ? तुमच्यापैकीं कोणास सांगितली असेल तर त्यानें उभें राहून बोलावें. (कोणी उठलें नाहीं.)

तर बुधवारीं शाळा सुटल्यावर ज्यांनीं ज्यांनीं या दोन महिन्यांत पैसे दिले, त्यांनीं पावत्या घेऊन वर्गांत यावें. पावती नसेल तर तारीख आणि आंकडा सांगावा, आम्ही लिहून घेऊं, आणि उताऱ्याचा अर्ज त्याच दिवशीं करूं. दोन्ही पक्षांसहि निरोप धाडला आहे. आले तर बाक मोकळे आहेत.

आणि आजी, तुमचें नांव मेलें नाहीं. कांड्या भरतांना घ्या, पूर्वीं घेत होतां तसें. अकराशें रुपये उद्यां सकाळीं गटांत भरून टाका, म्हणजे पुढच्या महिन्याचें व्याज वाचेल. लुगडें मात्र परत करूं नका. पंचमीला लेक माहेरीं येईल, तिला नेसवा.