साउंडकार्ड कुणाचं ऐकतं?

सवयीने मागच्या रांगेत, मिक्सरच्या आसपास बसलेल्या माझ्या मित्रांनो,

स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपलं मनापासून स्वागत. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून या शहरात आली. तिच्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. चित्राची पट्टी आणि आवाजाची पट्टी क्लॅपच्या खुणेवर जुळवणारी माणसं इथे पिढ्यान् पिढ्या घडली. आज आपल्यापुढचा प्रश्न, वेगवेगळ्या संगणकांवरचा आवाज एकमेकांशी जुळवण्याचा, त्याच घराण्यातला आहे. फक्त कॅमेऱ्याच्या जागी दुसरा संगणक आला आहे, कधीकधी तिसरा आणि चौथाही.

समजा, एक मैफल दोन लॅपटॉपवर मुद्रित केली. एकावर गायन, एकावर तबला. दोघांनाही सेकंदाला ४८,००० नमुने घ्यायला सांगितलं. पण हा सेकंद मोजणार कोण? प्रत्येक साउंडकार्डात क्वार्ट्झचा आपापला स्फटिक असतो. घडणीत थोडं उणंअधिक राहतं, तापमानाने त्यात भर पडते. दोन कार्डांत दहा लाखांमागे पन्नासचा फरक म्हणजे काही बिघाड नव्हे. तरी तेवढ्याने सेकंदाला २.४ नमुने आणि तासाला ८,६४० नमुने इकडेतिकडे होतात, म्हणजे ०.१८ सेकंद. एवढ्या वेळात आवाज हवेतून साठ मीटरच्या पुढे जातो. बडा ख्याल सुरू होताना समेवर असलेला तबला द्रुत संपेपर्यंत कुठे गेलेला असेल, ते मी या सभेला सांगायला नको.

यावर तरुण मंडळी म्हणतात, “संगणक नेटवरून वेळ जुळवून घेतोच की!” घेतो. डेव्हिड मिल्स यांनी ऐंशीच्या दशकात एनटीपी दिलं, ते त्यासाठीच. पण त्याने जुळतं ते संगणकाचं घड्याळ. साउंडकार्ड त्या घड्याळाकडे ढुंकूनही पाहत नाही, ते आपल्या स्फटिकाचंच ऐकतं. आपल्या क्षेत्रातली निम्मी भांडणं या एका गल्लतीतून निघतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरलेली भांडणं बफरवरून, म्हणजे आलेला आवाज वाजेपर्यंत थोपवून धरणाऱ्या साठ्यावरून. नेटवर्कमधला उशीर वेगळा आणि घड्याळाची घसरण वेगळी. उशीर ठरावीक असला की बफर तो पोटात घालतो. पण एक बाजू सतत किंचित जास्त पाठवत असेल, तर बफर कितीही मोठा करा, तो कधीतरी भरणारच, आणि ‘टक्’ ऐकू येणारच. बफर वाढवून दुखणं बरं होत नाही, पुढे ढकललं जातं.

उपाय दोन. पहिला, सगळ्या स्फटिकांना एका घड्याळाच्या तालावर आणायचं. स्टुडिओत हे काम वर्ड क्लॉकची बीएनसी केबल करते. नेटवर्कवर ते पीटीपी करतं, म्हणजे २००२ चं आयईईई १५८८ मानक. नेटवर्कवरून आवाज पाठवण्याचं २०१३ चं मानक एईएस६७ त्याच्याच २००८ च्या आवृत्तीवर उभं आहे. पीटीपी संदेशाचा जाण्यायेण्याचा वेळ मोजतं आणि दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या आहेत असं धरून चालतं. स्विचमध्ये एका बाजूला गर्दी झाली, की हे गृहीतच कोसळतं. म्हणून पीटीपी जाणणारे स्विच घ्या आणि वीज वाचवणारं ‘ग्रीन इथरनेट’ बंद ठेवा. मुख्य घड्याळ कोण, याची निवडणूकही यंत्रं आपसांत उरकतात. माणसांना ते जड जातं. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबई महापालिका ३९ मिनिटं मागे असलेली मुंबई वेळ कित्येक दशकं सोडायला तयार नव्हती! तरीही यंत्रांचा प्राधान्यक्रम तुम्हीच भरा. नाहीतर कोपऱ्यातलं एखादं स्वस्त यंत्र निवडून यायचं.

दुसरा उपाय ज्यांचं साउंडकार्ड बाहेरच्या घड्याळाचं ऐकतच नाही त्यांच्यासाठी. आवाज पोहोचल्यावर नमुन्यांचा वेग सॉफ्टवेअरमध्ये सतत बारीक बदलत राहायचा. फॉन्स आद्रिआनसन यांच्या लिनक्सवरच्या साधनांनी हे फार सफाईने करून दाखवलं आहे. काही जुनेजाणते याला तडजोड म्हणतात. म्हणोत बापडे. नीट केलेलं रिसॅम्पलिंग कानाला कळत नाही, टक् मात्र सगळ्यांना कळतो.

बाहेरच्या दालनात दोन लॅपटॉप सकाळपासून एकच तानपुरा वाजवत आहेत, मुद्दाम न जुळवलेले. जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून ऐका, मग तीनच्या सत्रात ते जुळवू. व्यवस्थेत काही कमीजास्त झालं, तर समितीतल्या कुणालाही हक्काने सांगा. आता मी संमेलनाध्यक्षांना विनंती करतो, की त्यांनी सूत्रं हाती घ्यावीत.