राजाश्रय, लोकाश्रय आणि सार्वजनिक तिजोरी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



संमेलनात संस्थेचा जमाखर्च वाचला जातो, तेव्हा आपण सारेच कान देऊन ऐकतो. माझा आजचा विषयही जमाखर्चाचाच आहे. मात्र तो आपल्या संस्थेचा नसून सरकारी तिजोरीचा आहे. काटकसरीची वेळ आली की कात्री सहसा प्रथम कलेच्या तरतुदीवर चालते. ही काटकसर नव्हे, तो अपव्यय आहे, असे माझे नम्र प्रतिपादन आहे.

प्रथम आकडे पाहू. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या अंदाजपत्रकात सांस्कृतिक मंत्रालयासाठी सुमारे ३,१५० कोटी रुपये होते. २०२१-२२ साली ते सुमारे २,६८८ कोटींवर आणण्यात आले. त्या वर्षीचा सरकारचा एकूण अंदाजित खर्च सुमारे ३४ लाख ८३ हजार कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांत आठ पैसेही या खात्याच्या वाट्यास आले नाहीत. आणि तेवढ्यातच पुरातन वास्तू, वस्तुसंग्रहालये, ग्रंथालये व अकादमी यांचा सारा प्रपंच! महामारीने नाट्यगृहांना टाळी लागली होती, वादकापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सर्वांची मिळकत थांबली होती. नेमक्या त्याच काळात ही कपात झाली. २०२२-२३ साली तरतूद पुन्हा तीन हजार कोटींवर गेली हे खरे. परंतु मोडलेली नाटकमंडळी केवळ आकडा वाढला म्हणून जुळून येत नाही, आणि पोटासाठी दुसऱ्या धंद्यास लागलेला वादक पुन्हा वाद्य हाती धरीलच असा भरवसा नसतो.

यावर कोणी म्हणेल की, कलेत सत्त्व असेल तर ती तिकिटाच्या पैशावर जगेल. या आक्षेपाचे उत्तर आपल्या रंगभूमीच्या जन्मकथेतच आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले, ते संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले, आश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकिटे लावून प्रयोग केले व ते लोकांना रुचले. आक्षेपकांना येथे आपला विजय दिसेल. पण तिकीट काढणारा प्रेक्षक मिळाला, तो नाटक आधी उभे होते म्हणून. जे अद्याप कोणी पाहिलेलेच नाही, त्याचे तिकीट कोण काढणार? रोप लावून पहिले पाणी घालणारा कोणीतरी लागतोच.

संस्थाने गेली. ते पहिले पाणी घालण्याचे काम लोकशाहीत सरकारकडे आले. १९५४ साली तत्कालीन मुंबई राज्यात सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. दिवसा कचेरीत कारकुनी किंवा शाळेत मास्तरकी करून रात्री तालमी करणाऱ्या हौशी मंडळींना तिने रंगमंच दिला. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली याच स्पर्धेत सादर केले, आणि पुढे ते अनेक भाषांत गेले. सरकारी पैसा कलावंतास मिंधा करतो, असे म्हणणाऱ्यांनी हे नाटक आठवावे. सभ्य समाजास इतका बोचरा आरसा दाखविणारी कृती सरकारी स्पर्धेतूनच पुढे आली! पैसा देणाऱ्याने संहितेत हात घालू नये, ही अट मात्र आपण सदैव जागरूकपणे राखली पाहिजे.

आता एक गोष्ट या व्यासपीठावरून मुद्दाम सांगावयाची आहे. आपली संस्था शिष्यवृत्त्या देते, गुणी मुलामुलींचे सत्कार करते. हे भूषणावह आहे. परंतु ज्ञातीची मदत ज्ञातीपुरती पोहोचते आणि धनिकाची मदत त्याच्या आवडीपुरती. ज्याच्या पाठीशी ना ज्ञाती संपन्न, ना घर संपन्न, अशा मुलाच्या गळ्यात सूर असला तर त्याने कोणाचे दार ठोठवावे? तू कोणाचा, असे न विचारता देणे हे सार्वजनिक तिजोरीचे कर्तव्य आहे. इतर कोणत्याही दात्यावर तसे बंधन नाही. ती तिजोरी आटली तर कला नष्ट होईल असे नाही. ती केवळ सुस्थितांच्या घरची राहील. समाजाची ती हानी कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही, म्हणूनच ती अधिक भयावह आहे.

दवाखाने आणि शाळा आधी हव्यात, हे मला शंभर वेळा मान्य आहे. पण आठ पैशांतील एक-दीड पैसा कापून कोणते रुग्णालय उभे राहणार?

अखेरीस तीन विनंत्या करतो. कलेच्या तरतुदीत कपात होऊ नये, असा ठराव या संमेलनाने संमत करून आपल्या लोकप्रतिनिधींकडे धाडावा. आपापल्या गावच्या नगरपालिकेच्या नाट्यगृहाची दुरुस्ती का रखडली, याची प्रत्येकाने चौकशी करावी. आणि प्रयोगास जाताना फुकटचा पास न मागता तिकीट काढावे. कारण स्वतःचा खिसा न उघडणाऱ्यास सरकारने तिजोरी उघडावी असे सांगण्याचा अधिकार उरत नाही.