भाड्याचे मळणीयंत्र : गड्याचा हात आणि मालकाची जबाबदारी



दिवाळीच्या मागेपुढे आपल्या मावळात भात कापणीला येते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने 1987 साली दिलेला इंद्रायणी वाण आज पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ असा सगळीकडे पसरला आहे. पूर्वी हे भात खळ्यावर हाताने झोडले जाई. आता गावातल्या एकाकडे ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र असते, आणि ते तासाच्या भाड्याने खळ्याखळ्यावर फिरते. जूनपासून चिखलणीला पॉवर टिलरही असाच भाड्याने जातो. हा चांगला जोडधंदा आहे. पण डिझेल आणि चालकाचा पगार धरला म्हणजे या धंद्याचा हिशेब पुरा झाला, असे नाही.

आंदर मावळातल्या एका गावची गोष्ट सांगतो. संध्याकाळची वेळ, शेवटचे खळे. पेंढ्या भराभर जाव्यात म्हणून यंत्राच्या तोंडावरचे झाकण दुपारीच काढून ठेवलेले. कातकरी वस्तीवरून आलेला 30 वर्षांचा गडी पेंढी आत लोटत होता. पेंढीबरोबर हात ओढला गेला आणि उजव्या हाताचा अंगठा गेला. यंत्राचा मालक म्हणाला, "गडी शेतकऱ्याने बोलावला होता." शेतकरी म्हणाला, "यंत्र तुझं, झाकण तू काढलंस." शेवटी गावाने वर्गणी करून दवाखान्याचे बिल भागवले. पण अंगठा नसलेल्या हातात कोयता धरता येत नाही. त्या घराची चूल पुढे कशी पेटायची, हे कोणी विचारले नाही.

मंडळी, अशा अपघाताला आपण नशीब म्हणतो. पण तो टाळता येतो, आणि टळला नाही तर त्याची भरपाई करता येते. आधी टाळायचे कसे ते पाहू.

ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट साधारणपणे मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. साडीचा पदर, उपरण्याचे टोक किंवा गळ्यातला मफलर एकदा त्यात गुंतला की "थांबव" म्हणायलाही वेळ मिळत नाही. म्हणून शाफ्टवर आणि पट्ट्यावर आवरण हवेच. गड्याने अंगाला बसणारे कपडे घालावेत, बायकांनी पदर खोचून डोक्याला फडके बांधावे.

पेंढ्या घालायची परनाळ किमान 90 सेंटिमीटर लांब असावी आणि यंत्राकडचा तिचा किमान 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. कारण सोपे आहे. हात कितीही लांब केला तरी तो फिरत्या दातांपर्यंत पोहोचू नये. यंत्र घेताना टेप लावून हे माप पाहा. झाकण काढून चार पेंढ्या जास्त जातील, पण त्या चार पेंढ्यांची किंमत आपण वर पाहिलीच.

आणखी काही गोष्टी पाळाव्यात. अडकलेली पेंढी काढण्यापूर्वी ट्रॅक्टर बंद करावा व किल्ली खिशात ठेवावी. पेंढी घालणारा गडी दर तासा-दीड तासाने बदलावा. दारू प्यालेल्याला यंत्राजवळ उभे करू नये. लहान मुलांना खळ्यावर खेळू देऊ नये. अंधार पडला आणि पुरेसा उजेड नसेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे. पॉवर टिलर मागे घेताना त्याची फिरती पाती आधी बंद करावीत, कारण त्या वेळी पाय पात्यांच्या अगदी समोर असतात.

आता जबाबदारीचा प्रश्न. मळणीयंत्रात हात गेल्याच्या घटना देशभर इतक्या वाढल्या, की 1983 साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. कामावर जखमी झालेल्या मजुराच्या भरपाईचा कायदा तर 1923 पासूनचा. ट्रॅक्टरने अगर यंत्रशक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेतीकाम करणारा मजूर त्याच्या यादीत होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत.

भरपाईचा हिशेब असा. मजूर दगावला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम घेऊन तिला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. वय 30 असेल तर हा आकडा 207.98 आहे. मजुरी महिना 12,000 रुपये धरली तर 6,000 गुणिले 207.98, म्हणजे 12,47,880 रुपये होतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी शेकडा 60 धरतात. अंगठा गेला तर कमाईची ताकद शेकडा 30 ने घटली असे कायदा मानतो. म्हणजे वर सांगितलेल्या गड्याला 12,000 मजुरीवर सुमारे 4,49,000 रुपये मिळायला हवे होते. त्याच्या वाट्याला मात्र वर्गणी आली.

काही गैरसमजही दूर करतो. "चूक गड्याचीच होती," असे म्हणून सुटका होत नाही. नुसती हयगय हे भरपाई नाकारण्याचे कारण ठरत नाही. "काही झाले तर माझे मी पाहीन," अशा कागदावर गड्याचा अंगठा घेतला तरी तो कागद कायद्यापुढे टिकत नाही. आणि भरपाई वेळेवर दिली नाही तर व्याज व दंड वाढत जातो.

एवढी रक्कम आपल्यासारखा माणूस कोठून आणणार? जमीनच विकावी लागेल. म्हणून विमा. इथे नीट लक्ष द्या, कारण एका विम्याने सगळे भागत नाही.

ट्रॅक्टरचा सक्तीचा विमा मुख्यतः रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी असतो. खळ्यावरच्या गड्यासाठी तो पुरेल असे धरून चालू नका. ट्रॅक्टर घरच्या शेतीसाठी म्हणून नोंदवला आणि भाड्याने फिरवला, तर कंपनी हरकत घेऊ शकते. म्हणून भाड्याचे काम आधीच लेखी कळवावे.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना 2023 पासून आहे. अपघाती मृत्यूला तीत 2 लाख रुपये मिळतात. पण ती सातबाराचा खातेदार व त्याच्या घरातला एकजण यांच्यासाठी आहे. भूमिहीन गडी तीत बसत नाही.

पंतप्रधान सुरक्षा विमा योजना 18 ते 70 वयाच्या बँक खातेदारासाठी आहे. वर्षाला 20 रुपये हप्ता, अपघाती मृत्यूला 2 लाख, एक हात किंवा पाय पूर्ण निकामी झाला तर 1 लाख. प्रत्येक गड्याचा हा हप्ता मालकाने स्वतः भरावा. मात्र नुसता अंगठा गेला तर यातून काही मिळत नाही.

म्हणून जो यंत्र भाड्याने चालवतो त्याने कामगार नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी घ्यावी. सरकारी मालकीच्या न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल व युनायटेड इंडिया या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे चौकशी करावी. हप्ता मजुरीवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. गडी किती, मजुरी किती, काम कोणते, हे खरे सांगा. हप्ता वाचवण्यासाठी पाच गड्यांचे दोन लिहिले, तर तिसऱ्याचा हात गेल्यावर पॉलिसी कामाला येत नाही. हा खर्च तासाच्या भाड्यात धरावा. आणि पेंढ्या घालणारे गडी कोणाचे, मालकाचे की शेतकऱ्याचे, हे यंत्र खळ्यावर येण्याआधी ठरवून वहीत लिहावे.

तरीही अपघात झालाच, तर आधी यंत्र बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हळद किंवा माती लावू नका. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला, पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नका. 108 ला फोन करा. माणूस दवाखान्यात पोहोचला की पोलिसांत खबर द्या, पंचनामा करून घ्या, दवाखान्याचे कागद जपा आणि विमा कंपनीला लगेच लेखी कळवा.

बंधू-भगिनींनो, नवे यंत्र आणले की आपण त्याला हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. यंदा नारळ फोडायच्या आधी परनाळीवरचे झाकण जागेवर आहे का ते पाहा, आणि पॉलिसीची तारीख उलटली नाही ना, हेही पाहा. आपल्या खळ्यावर आलेला गडी सकाळी आला तसाच, दोन्ही हातांनिशी, संध्याकाळी घरी गेला पाहिजे.

राम राम.