सार्वजनिक मालकी आणि गावचे पोस्ट



इंग्लंडमधील लहानशा गावात पोस्टाला स्वतंत्र इमारत क्वचितच असते. किराणा, वर्तमानपत्रे, सिगारेटी आणि मुलांच्या गोळ्या विकणाऱ्या दुकानाच्या एका कोपऱ्यात काचेची खिडकी असते. तीच गावची टपाल कचेरी. निवृत्तिवेतन परस्पर बँकेत जमा करण्याची पद्धत २००३ नंतर रुळली. तोपर्यंत म्हातारी माणसे दर आठवड्याला आपले पुस्तक घेऊन या खिडकीशी येत, रोख रक्कम घेत आणि तिच्यातलेच काही पैसे शेजारच्या गल्ल्यावर देऊन पाव-दूध नेत. कोण आजारी आहे, कोणाकडे दोन दिवस दिवा लागलेला नाही, हे गावात सर्वांत आधी कळे ते या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला.

हा माणूस म्हणजे सबपोस्टमास्तर. तो सरकारी नोकर नव्हे. पदरचे पैसे घालून, पुष्कळदा घर गहाण ठेवून तो दुकान विकत घेतो आणि पोस्टाचे काम करारान्वये, कामाच्या मोबदल्यावर करतो. निष्काळजीपणामुळे वा चुकीमुळे रोकड कमी भरल्यास ती तूट त्याने स्वतः भरून द्यावी, असे त्या करारात लिहिलेले असे. अशा खिडक्यांमागे भारतीय वंशाची माणसेही पुष्कळ होती. शिल्लक टाकून दुकान घ्यावे, दुकानावरच्या खोल्यांत राहावे आणि पोस्टामुळे गावात मान मिळावा, हा हिशेब त्यांना परिचयाचा होता.

१९९९ ते २०१५ या काळात याच वर्गातील नऊशेहून अधिक स्त्रीपुरुष चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब लिहिणे या आरोपांखाली गुन्हेगार ठरले. त्यांपैकी सुमारे सातशे खटले खुद्द पोस्ट ऑफिसने चालविले. ज्याचे नुकसान झाले असे म्हणावयाचे, तोच तपासनीस आणि तोच फिर्यादी! खाजगी फिर्यादीचा अधिकार इंग्लंडमध्ये कोणालाही आहे; पण पोस्ट ऑफिसइतक्या सर्रासपणे तो वापरणाऱ्या संस्था थोड्याच असतील.

हे सारे एका संगणकामुळे घडले असे सांगण्यात येते. ते अर्धसत्य आहे. होरायझन नावाच्या या यंत्रणेचा जन्मच ध्यानात घेण्यासारखा आहे. सार्वजनिक कामात खाजगी भांडवल आणण्याच्या धोरणाखाली १९९६ साली, हुजूर पक्षाच्या राजवटीत, आयसीएल या कंपनीच्या शाखेशी करार झाला. निवृत्तिवेतन आणि भत्ते पोस्टाच्या खिडकीवरून एका कार्डाने द्यावेत, हा त्यामागील मुख्य हेतू होता. काम रखडले, खर्च वाढला आणि १९९९ मध्ये मजूर सरकारने कार्डाची योजना गुंडाळली. मुख्य हेतू गेला; उरलेली हिशेबयंत्रणा मात्र पोस्टाच्या गळ्यात पडली. आयसीएल ही तोवर जपानच्या फुजित्सूच्या मालकीची झालेली होती. गुंतलेला पैसा बुडाला असे म्हणण्याचे धैर्य कोणा अधिकाऱ्याला झाले नाही, आणि पुढील वीस वर्षांत त्याची किंमत खिडकीमागच्या माणसांनी मोजली.

यंत्रणेतील दोष कसे होते, याचे एक उदाहरण पुरे. डालमेलिंग्टन या स्कॉटिश गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोषात, पडद्यावर काही उमटले नाही म्हणून कळ पुन्हा दाबली की मिळालेली रोकड पुन्हा जमा होई. आठ हजार पौंड असे चार वेळा नोंदले गेले आणि चोवीस हजारांची तूट कागदावर उभी राहिली. पेटीत एक पेनीही कमी नव्हती. हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन या बाईंनी दोन हजारांची तूट दुरुस्त करण्यासाठी मदतकेंद्राला विचारले. सांगितल्याप्रमाणे कळा दाबल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती चार हजारांवर गेली. कचेरी चालू ठेवावयाची तर हिशेब जुळला असे लिहून देणे भाग होते. त्यांनी तसे लिहून दिले, आणि खोट्या हिशेबाचा गुन्हा सिद्ध झाला! चोरीचा आरोप मागे घ्यावयाचा असेल तर खोटा हिशेब कबूल करा आणि पैसे भरा, असा हा सौदा असे. होरायझनला दोष देऊ नये, अशीही अट कित्येकांना घालण्यात आली. गावकऱ्यांनी मात्र या बाईंसाठी वर्गणी काढली आणि शिक्षेच्या दिवशी ते न्यायालयात जाऊन बसले. संगणकाने जिला चोर ठरविले, तिला गाव रोज पाहत आले होते.

पण सर्वत्र असे झाले नाही. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील ब्रिडलिंग्टनमध्ये ली कॅसलटन यांनी मदतकेंद्राला एक्याण्णव वेळा दूरध्वनी केला. २००७ साली सुमारे पंचवीस हजार पौंडांच्या दाव्यात पोस्ट ऑफिसने त्यांच्यावर तीन लाख एकवीस हजारांचा खर्च बसविला आणि त्यांचे दिवाळे काढले. वेल्समधील अँगलसी बेटावर नोएल थॉमस यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ टपालखात्याची सेवा केली होती. त्यांचा साठावा वाढदिवस तुरुंगात गेला. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. या निकालामुळे होरायझनवर दोषारोप करणाऱ्या इतरांना जरब बसेल, अशी आशा पोस्ट ऑफिसच्या एका वकिलाने सहकाऱ्यांना कळविली होती. संशयितांची वंशवार वर्गवारी, तीही वसाहतकाळातील हीन शब्दांत, या संस्थेच्या तपासनिसांच्या कागदांत होती, हे २०२३ साली उघड झाले.

न्यायालयांनी हे कसे मानले? पूर्वी संगणकाचा कागद पुराव्यात दाखल करणाऱ्याने यंत्र नीट चालत होते हे सिद्ध करावे लागे. १९९९ च्या एका कायद्याने हे बंधन काढून टाकले. यंत्र बरोबर चालते असे गृहीत धरण्यात येऊ लागले. देशभर होरायझन बसविले जात होते तोच हा काळ. यंत्र चुकले हे दाखविण्याचा भार आता आरोपीवर आला, आणि यंत्राची अंतर्गत कागदपत्रे तर पोस्ट ऑफिस आणि फुजित्सू यांच्या कपाटात! सबपोस्टमास्तरच्या नकळत त्याच्या हिशेबात दुरून फेरफार करण्याची सोय फुजित्सूच्या नोकरांना होती. हे शक्यच नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले.

सर्वांत परिणामकारक शस्त्र मात्र याहून साधे होते. 'अशी अडचण फक्त तुम्हालाच येते,' असे मदतकेंद्रावरून ऐकावयास मिळाल्याचे साऱ्या देशातील माणसांनी पुढे सांगितले. विखुरलेल्या हजारो दुकानांत बसलेला हा वर्ग एकमेकांना ओळखत नव्हता. त्यांची संघटना होती. पण त्या महासंघाच्या नेतृत्वाने होरायझनची पाठराखण केली. पुढे तर या संघटनेचा पैसाही पोस्ट ऑफिसकडूनच येऊ लागला. कामगार चळवळीचा अनुभव असलेल्या श्रोत्यांना यावर अधिक भाष्य नको.

म्हणून फेनी कॉम्प्टनचे महत्त्व. वॉरिकशायरमधील हे खेडे देशाच्या मध्यावर पडते, म्हणून २००९ च्या नोव्हेंबरात तेथील ग्रामसभागृहात ॲलन बेट्स यांनी बैठक बोलाविली. वेल्समधील लँडडडनो येथील त्यांचे पोस्ट २००३ मध्येच काढून घेण्यात आले होते. मोजकीच माणसे जमली. आपण एकटे नाही, एवढेच त्या दुपारी प्रत्येकाला कळले, आणि तेवढ्यावर पुढील दहा वर्षांचा लढा उभा राहिला. संसदेत त्यांची बाजू लावून धरणाऱ्यांत हुजूर पक्षाचे जेम्स आर्बथनॉट अग्रभागी होते आणि मजूर पक्षाचे केव्हन जोन्सही होते. मंत्री मात्र तिन्ही पक्षांचे होऊन गेले आणि बहुतेकांनी पोस्ट ऑफिसने लिहून दिलेलेच उत्तर धाडले. २०१९ च्या डिसेंबरात न्या. फ्रेझर यांनी होरायझनची जुनी आवृत्ती मुळीच भरवशाची नव्हती असा निर्णय दिला. ५५५ वादींना तडजोडीत पावणेअठ्ठावन्न दशलक्ष पौंड मिळाले. वकील आणि दाव्याला पैसा पुरविणारे यांचे देणे भागल्यावर सुमारे बारा दशलक्ष उरले. दरडोई वीस हजारांच्या आसपास! न्याय मागण्यासाठी सट्टेबाज भांडवलाकडे जावे लागते, हाही या कथेचा एक भाग आहे.

२०२१ साली अपील न्यायालयाने एका निकालात ३९ शिक्षा रद्द केल्या. २०२४ च्या जानेवारीत दूरदर्शनवर या विषयावरील नाटक लागले आणि वीस वर्षे न हललेले सरकार काही दिवसांत हलले. मे महिन्यात संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम पुसल्या. न्यायालयाचे निकाल कायदेमंडळाने असे पुसावेत काय, हा प्रश्न गंभीर आहे. पण न्यायालयांनी स्वतःहून ते केले नाही, हेही तितकेच खरे. सर विन विल्यम्स यांच्या चौकशीचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान तेरा जणांनी या जाचापायी आत्महत्या केली असण्याची शक्यता त्यात नोंदविलेली आहे.

आता सार्वजनिक मालकीचा पुरस्कार करणाऱ्यांना टाळता न येणारी गोष्ट. पत्रे वाटणाऱ्या रॉयल मेलची विक्री २०१३ साली झाली; पोस्ट ऑफिस मात्र संपूर्णपणे सरकारच्याच मालकीचे राहिले. म्हणजे हा जुलूम कोणा खाजगी गिरणीमालकाने केलेला नाही. भागधारक सरकार होते, आणि संचालक मंडळावर सरकारचा प्रतिनिधी होता. कंपनीच्या दैनंदिन कारभारात हस्तक्षेप करावयाचा नाही, या सबबीखाली मंत्री अंग काढून घेत. आणि फायद्याचा ताळेबंद दाखविण्याचा आग्रह मात्र तेच धरीत. मालकी जनतेची आणि रीत खाजगी कंपनीची, अशी ही जोड होती. खिडकीमागच्या माणसाला त्या मंडळावर जागा नव्हती आणि खिडकीपुढच्याला प्रश्न विचारण्याचा मार्ग नव्हता.

जुलै २०२५ मध्येच ब्रिटिश सरकारने पोस्ट ऑफिसच्या भवितव्याविषयी एक विचारपत्र काढले. संस्था पुढेमागे सभासदांच्या, म्हणजे सहकारी स्वरूपाच्या मालकीची करावी काय, हा पर्याय त्यात चर्चेला ठेवलेला आहे. रॉचडेलच्या विणकरांच्या देशात हे ऐकून बरे वाटते. पण तुटीचा कागद हाती आलेल्या सबपोस्टमास्तरला यंत्राच्या मूळ नोंदी स्वतः, आपल्या तज्ज्ञाकरवी तपासून घेण्याचा अधिकार असेल की नाही, आणि तो तपास पुरा होईपर्यंत त्याचे दुकान उघडे राहील की नाही, हे त्या सनदेत कोणत्या कलमाखाली लिहिले जाते, ते प्रथम पाहावे लागेल.