पहिलं शिलाई मशीन घेताना

(रेडिओवरील भाषण)

सुरगाणा, बोरगाव, उंबरठाण आणि भोवतालच्या पाड्यांवरच्या बहिणींनो, आज मी मुख्यतः तुमच्याशी बोलणार आहे.

दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला गेलेली माणसं हंगाम आटोपून घरी येतात. हातात मजुरीचे पैसे असतात. त्यातून घरात पहिल्यांदाच शिलाई मशीन घ्यायचं ठरतं आणि मग विचारणा होते, कोणतं घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. साधं, काळं, पायानं चालवायचं, सरळ शिलाईचं मशीन घ्या.

दुकानात पांढरी, हलकी, विजेची मशीनं पुढे मांडलेली असतात. बटण फिरवलं की नागमोडी टाका, वेलबुट्टी, काज. ती मशीनं वाईट नाहीत. ज्या घरात वीज टिकते आणि कंपनीचा माणूस दुरुस्तीला दारात येतो, तिथं ती चांगली चालतात. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. बिघाड झाला तर मशीन उचलून सुमारे ९० किलोमीटरवर नाशिकला न्यायचं, म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं दोन्ही गेलं. काळं मशीन लोखंडी असतं. लुधियानात कितीतरी कारखाने ते बनवतात आणि बहुतेकांचा साचा एकसारखा. त्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, सुई, चामडी पट्टा हे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि ते बसवणारा कारागीरही सापडतो. शिवाय वेग पायाच्या ताब्यात राहतो. शिकणाऱ्या बाईला हे फार मोलाचं आहे, कारण विजेचं मशीन घाबरलेल्या हाताच्या पुढे धावतं. पुढे काम वाढलं तर याच मशीनला मोटर लावता येते.

काळ्या मशीनमध्येही प्रकार आहेत. एक घरगुती आणि दुसरं जड, ज्याला दुकानदार टेलर मॉडेल म्हणतात. दिवसभर पँट आणि जाड कापड शिवणाऱ्यासाठी ते दुसरं. घरच्या कामाला घरगुती पुरतं.

दुकानात जाताना पिशवीत तीन तुकडे न्या : एक सुती, एक जुन्या पॉलिस्टर साडीचा आणि एक शाळेच्या गणवेशाच्या जाड कापडाचा. दुकानदाराच्या कडक, कांजी केलेल्या तुकड्यावर कोणतंही मशीन सुंदरच शिवतं. आधी चाक हातानं आपल्याकडे फिरवा. कुठं अडकत, खडखडत नाही ना ते बघा. मग तिन्ही तुकडे शिवा. टीप वरून आणि खालून सारखी दिसली पाहिजे. कापडावर हात हलका ठेवला तर ते आपोआप सरळ पुढे सरकायला हवं. डावीउजवीकडे ओढलं जात असेल तर खालचे दात किंवा कापड दाबणारा वरचा पाय नीट बसलेला नाही. बॉबिन भरून बघा. स्टँड डुगडुगत असेल तर ते बदलून मागा. पक्कं बिल आणि गॅरंटीच्या कार्डावर शिक्का, दोन्ही घ्या, मग भले दुकान ओळखीचं का असेना.

जुनं मशीन मिळत असेल तर नाक मुरडू नका. चांगल्या लोखंडाची जुनी मशीनं पिढ्यान् पिढ्या चालतात. फक्त बॉबिनजवळचं, दोरा फिरवणारं शटल झिजलेलं नसावं आणि चाकाला ढिलेपणा नसावा.

आता थोडं मशीनच्या आत डोकावू, कारण आत काय घडतं ते कळलं की अर्ध्या तक्रारी घरीच मिटतात. हातशिलाईच्या सुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि वर यायला लागते तेव्हा खाली दोऱ्याचा छोटा फास सुटतो. शटलचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतो, तो एक टाका. अमेरिकेत एलियास हाउ यानं १८४६ मध्ये अशा टाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगरनं आपलं मशीन आणलं. यंत्रांविषयी सावध असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संभाषणात सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं. माणसाचे कष्ट हलके करणाऱ्या मोजक्या उपयोगी वस्तूंत त्यांनी ते धरलं. आपल्या देशात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये १९३० च्या दशकात उषा मशीनं बनू लागली आणि हे यंत्र साध्या घरांपर्यंत पोचायला लागलं.

आता पुन्हा टाक्याकडे. सुईखालचा तो दोऱ्याचा फास नीट सुटला नाही की टाका चुकतो. म्हणून सुई बोथट झाली, किंचित वाकली, तर लगेच बदला. घरगुती मशीनच्या सुईची मान एका बाजूनं चपटी असते. दोरा ज्या बाजूनं ओवायचा, चपटी बाजू त्याच्या विरुद्ध आली पाहिजे. पातळ कापडाला ११ नंबर, नेहमीच्या सुती कापडाला १४, जाड गणवेशाला १६. शिलाईखाली दोऱ्याची जाळी झाली तर पहिला संशय वरच्या दोऱ्यावर घ्या : मशीनचा पाय वर उचलून, पहिल्यापासून पुन्हा ओवा. बॉबिन केसच्या बारीक स्क्रूला त्याआधी हात लावू नका. आणि पायडल मारताना चाक उलटं फिरलं तर दोरा तुटणारच.

तेल मशीनचंच घाला. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल काही दिवसांत चिकट होतं आणि चांगलं मशीन जड चालायला लागतं. आपल्याकडचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. काम झालं की दातांखालचा कापूस ब्रशनं काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, झाकून ठेवा आणि मशीन चुलीच्या धुरापासून लांब असू द्या. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवा, म्हणजे डाग नव्या कापडावर पडणार नाही.

पैशांचा विषय. ‘मोफत शिलाई मशीन योजना’ असे संदेश मोबाईलवर फिरतात. पंतप्रधानांच्या नावाची अशी योजना खोटी असल्याचं सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयानं जाहीर केलेलं आहे. त्या लिंकवर आधार नंबर, बँकेची माहिती भरू नका. खरी योजना वेगळी आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि शिंपीकाम त्यातलं एक. प्रशिक्षण, त्या दिवसांचा रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पुढे ५ टक्के व्याजानं कर्ज असं तिचं स्वरूप आहे. ती हे काम करणाऱ्यांसाठी आहे आणि एका घरातून एकालाच लाभ मिळतो. घरापुरतं शिवायचं असेल तर बचत गटातून थोडं कर्ज काढणं मला जास्त बरं वाटतं.

मशीन घरी आलं. पहिले काही दिवस दोरा न ओवता कागदावर शिवा. वहीच्या रेघांवरून सुई चालवा, मग चौकोन काढून कोपऱ्यांवर वळा. कोपऱ्यावर सुई खाली रुतलेली ठेवायची, मशीनचा पाय उचलायचा, कागद फिरवायचा. कंटाळवाणं आहे, पण हात इथंच बसतो. कागदावरची सुई नंतर कापडाला वापरू नका, ती बोथट झालेली असते.

मग फडकी घ्या. तुमच्या अंगाखांद्यावरची ती फडकी! सरळ कापड, चारी कडांना दुमड. यापेक्षा चांगला पहिला धडा मला माहीत नाही. दुमड चारही बाजूंनी एकसारख्या रुंदीची आली की तुम्हाला सरळ टीप आली. त्यानंतर उशीची खोळ आणि बाजाराची कापडी पिशवी. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा कापडी पिशवी घरातही लागते आणि विकलीही जाते. तिचे बंद जिथं जोडाल तिथं चौकोन शिवून मध्ये फुलीची टीप मारा. नागलीचं वजन पेलायचं आहे तिला.

पुढे परकर. सहा कळ्यांचा परकर शिवताना तुम्ही माप घेणं, कळी कापणं आणि नाडीचा नेफा शिकता. सुती कापड आधी पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात परकर घोट्यावरून वर चढतो. बाळाचं झबलं त्यानंतर, कारण त्यात गळ्याला गोलाई येते आणि गोलाईला उरेब पट्टी लावावी लागते. गोधडी मात्र मशीनवर घेऊ नका. जुन्या लुगड्यांचे थर घरगुती मशीनला झेपत नाहीत आणि हातच्या धावदोऱ्याची ऊबदार मऊ गोधडी मशीनला कधी जमणारही नाही.

गणवेशाबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात सरकारी शाळांच्या गणवेशांची शिलाई राज्यभर महिला बचत गटांकडे दिली गेली. गणवेश उशिरा आले, मापात बसत नाहीत, अशा तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचं ठरलं. माझ्या मते उणीव बायकांच्या हातात नव्हती. मुलाच्या अंगाला टेप न लावता शिवलेला कपडा बसणार कसा? पाड्यावरची बाई त्याच पाड्यावरच्या शाळेचे कपडे शिवणार असेल, तर ती प्रत्येक मुलाचं माप घेऊ शकते. उंची वाढेल म्हणून खाली दोन बोटं जास्त दुमड ठेवू शकते आणि शिवण उसवली तर संध्याकाळी परत घालून देऊ शकते. म्हणून परकर-झबलं जमलं की मुलीच्या गणवेशाचा इलॅस्टिकचा स्कर्ट शिवून बघा. मुलाच्या हाफ पँटचं आसन आणि शर्टाची कॉलर थोडी थांबू द्या. तयार कपडा हातात घेऊन मग शाळेच्या समितीसमोर जा. समितीत बहुतेक पालकच असतात, तुमच्यातलेच.

ब्लाउजची घाई सगळ्यांना असते, आणि पहिलंच चांगलं कापड तिथं वाया जातं. त्यासाठी एक सोपा मार्ग आहे. अंगाला नीट बसणारा, आता विरलेला एखादा जुना ब्लाउज घ्या. त्याच्या सगळ्या शिवणी ब्लेडनं हळूहळू उसवा. मागचा भाग, पुढचे भाग, बाही, पट्ट्या सुट्या झाल्या की इस्त्री करून वर्तमानपत्रावर पसरा आणि कडेनं पेन्सिल फिरवा. टिपेच्या खुणा जिथं दिसतात तिथं आतली रेघ काढा, टक्स कुठं आहेत ते लिहा, डावं-उजवं लिहा. हे कागद जपून ठेवा. पहिला ब्लाउज जुन्या साडीच्या कापडाचा शिवा, तोही आधी हातानं कच्चे टाके घालून. अंगात घालून बघा, खांद्याला आणि काखेत कुठं ओढतं ते खडूनं खुणवा, आणि मगच मशीनवर बसा.