निरोगी दिसणारा घोडा

उन्हाळ्याच्या सुटीत माथेरानास जाणाऱ्या मुलांचा घोड्याशी जो परिचय होतो, तो बहुधा अर्ध्या तासाचा असतो. तकतकीत अंग, उभारलेले कान आणि चालण्यातील डौल पाहिला, की घोडा निकोप आहे असे घरची मंडळी ठरवून टाकतात. पशुवैद्य मात्र इतक्या लवकर निर्णय देत नाही. तो नाकपुड्यांत डोकावतो, जबड्याखालील गाठी चाचपतो, मागील पायांवरून हात फिरवितो. ज्या रोगांच्या शोधात तो असतो, त्यांतील एक फार जुना व फार कपटी रोग म्हणजे ग्लँडर्स.

गाढवांत व खेचरांत हा रोग बहुधा तीव्र रूपाने येतो आणि जनावर थोड्याच दिवसांत दगावते. घोड्यात तो दबा धरून बसतो. नाकपुडीतून चिकट स्राव वाहतो, आत व्रण पडतात आणि ते भरल्यावर तारकेसारखे वण उरतात. कधी पायांवर गाठींची माळ उठते व त्या फुटून मधासारखा पू येतो. परंतु पुष्कळदा यांपैकी काहीच दिसत नाही. घोडा महिनोन् महिने काम करतो, आणि ज्या हौदात तोंड घालतो त्यातून शेजारच्या घोड्यांस रोग देत राहतो. माणसासही तो होतो. मोतद्दार व पशुवैद्य यांना त्याचे भय अधिक.

१८८२ साली बर्लिन येथे लोफ्लर व श्युट्झ यांनी या रोगाचे जंतू वेगळे केले. १८९१ च्या सुमारास हेलमान व काल्निंग या रशियातील पशुवैद्यांनी त्या जंतूंपासून मॅलीन हे द्रव्य सिद्ध केले. ते अल्प प्रमाणात खालच्या पापणीत टोचले, की रोगी घोड्याचा डोळा दोन दिवसांच्या आत सुजून पुवाने चिकटतो. निरोगी घोड्याचा सहसा सुजत नाही. काल्निंगचा मृत्यू याच रोगाने झाला. आता निदानासाठी रक्ताचीही परीक्षा होते.

रोग ओळखता आला, पण त्यावर लस मात्र अद्याप लाभलेली नाही. उपचार करीत बसल्यास रोगाचा साठाच जतन होतो. म्हणून रोगी जनावर मारून खोल पुरणे हाच उपाय मानला जातो. याच मार्गाने ब्रिटनने १९२८ पर्यंत हा रोग हद्दपार केला. भारतात यासाठी १८९९ चा कायदा होता. त्याची जागा २००९ च्या कायद्याने घेतली. तथापि २००६ साली महाराष्ट्रात हा रोग पुन्हा उद्भवलाच.

याचे कारण केवळ जंतूंत शोधून चालणार नाही. ज्याचा संसार एका घोड्यावर चालतो, त्याला घोड्याच्या नाकातील स्राव सांगणे म्हणजे चूल विझविणे. तो नाक पुसतो, गप्प राहतो, फार झाले तर दूरच्या बाजारात घोडा विकून येतो. आणि रोग त्याच्याबरोबर प्रवास करतो. सबब मारलेल्या घोड्याची योग्य भरपाई मालकाच्या हाती वेळेवर पडणे, हाही चिकित्सेचाच भाग होय. भरपाईची तरतूद शासनाने केली आहे. ती विनाविलंब मिळेल असा विश्वास जेथे असेल, तेथे मालक स्वतःच आपला घोडा पशुवैद्यापुढे आणून उभा करील.